विद्यापीठाचे दार माजी विद्यार्थ्यांनाही उघडे हवे

पदवीधरांनी नोकरीच्या मागे न लागता स्वतःचे उद्योग उभारावेत, हा उपदेश व्यासपीठांवरून नित्य ऐकू येतो. शासन व शिक्षणसंस्था केवळ उपदेशावर थांबलेल्या नाहीत, ही समाधानाची गोष्ट होय. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नव्या उद्योगांच्या संगोपनासाठी २००४ मध्ये ‘साइन’ ही संस्था स्थापन केली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने या कामासाठी विद्यापीठांत स्वतंत्र संचालकाची तरतूद केली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या धोरणानुसार जागा, प्रयोगशाळा व मार्गदर्शन यांच्या मोबदल्यात संस्थेला नवउद्योगात २ ते ९.५ टक्के भागभांडवल घेण्याची मुभा आहे.

तथापि या धोरणाच्या शीर्षकात विद्यार्थी आहेत, अध्यापक आहेत. माजी विद्यार्थी मात्र नाहीत. हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. उद्योग हा विशीतल्या तरुणांचाच खेळ आहे, ही समजूत त्यामागे दिसते आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, सर्वाधिक वेगाने वाढलेल्या उद्योगांच्या संस्थापकांचे सरासरी वय उद्योग सुरू करताना ४५ वर्षांचे होते. ‘साइन’च्या आश्रयाने वाढलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी पवईच्याच विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढली. तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली ती २०२३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. तरुणपणी आरंभ केला तरी उद्योगाला आधार लागतो तो पदवीनंतरच्या दीर्घ काळात.

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये दहा वर्षे कारखान्यात काम केलेला पदवीधर घ्या. कोणता सुटा भाग वारंवार मोडतो, तो कितीला मिळतो आणि कोण घेतो, हे त्याला ठाऊक असते. त्याच्यापाशी नसते ते धातूची ताकद तपासण्याचे यंत्र, हिशेब व करांचा सल्ला आणि पहिला ग्राहक. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी महाविद्यालयांत आजही आहेत. प्रयोगशाळेतील यंत्राची किंमत एकदा मोजून झालेली असते; सायंकाळी कुलूप लावलेल्या खोलीत ते पडून राहिले तरी त्याची झीज व्हायची ती होतेच. माफक शुल्क घेऊन ते माजी विद्यार्थ्याला वापरू दिल्यास संस्थेचा वाढीव खर्च अल्प आणि समाजाचा लाभ मोठा, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा होय.

पहिल्या ग्राहकाची गोष्ट अधिक अवघड आहे. विद्यापीठ स्वतःच मोठे ग्राहक असते. बाके, छपाई, प्रयोगशाळेची उपकरणे, संगणकप्रणाली अशी त्याची खरेदी वर्षभर चालू असते. पण निविदेत मागील उलाढालीची व अनुभवाची अट घातली की नवा उद्योजक दारातच अडतो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी नवउद्योगांसाठी, गुणवत्तेशी तडजोड न करता, ही अट शिथिल करण्यास वाव दिला आहे. विद्यापीठांनी लहान खरेदीपुरते तरी हे तत्त्व स्वीकारावे.

यावर दोन आक्षेप येतील. प्रयोगशाळेवर पहिला हक्क शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा आहे, हा पहिला. तो मान्यच करावयास हवा; म्हणूनच वेळ सायंकाळची व सुट्टीची असावी आणि राबणाऱ्या साहाय्यकाला त्याचा मेहनताना शुल्कातून मिळावा. दुसरा आक्षेप वशिल्याचा. त्यावर उपाय दार बंद ठेवण्याचा नव्हे, तर नियम, दर आणि लाभार्थींची यादी जाहीर करण्याचा आहे.

माजी विद्यार्थ्यांची आठवण संस्थांना बहुधा स्नेहसंमेलनाच्या किंवा देणगीच्या वेळी होते. ज्याच्या हाती अजून देण्यासारखे काही नाही, पण अनुभव आहे आणि धोका पत्करण्याची तयारी आहे, त्याचीही आठवण ठेवणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. पदवी देऊन विद्यापीठाची जबाबदारी संपत असेल, तर स्वयंरोजगाराच्या उपदेशाला फारसा अर्थ उरत नाही.