अर्थिंग मेन स्विचपाशीच का संपते?

पुलगाव, नाचणगाव, गुंजखेडा भागातल्या विहिरींवरच्या मोटरखोल्या पाहा. उंदरांनी तारा कुरतडू नयेत, ढोरांचा पाय पडू नये म्हणून तारा लोखंडी पाइपातून नेलेल्या असतात. मेन स्विच, मधला जंक्शन बॉक्स, स्टार्टरची पेटी सगळे लोखंडीच. अर्थिंगची तार मात्र बरेचदा मेन स्विचला गुंडाळून तिथेच संपते. विचारले तर उत्तर मिळते, "पाइप लोखंडीच आहे ना, जाईल करंट त्यातून!" शेतकरी बंधूंनो, ही समजूत जिवावर बेतणारी आहे.

पाइप डब्यात शिरतो तिथेच जोड तुटतो. डब्याला रंग असतो, नट त्या रंगावरच कसलेला असतो, वरून पावसाळ्याचा गंज. डब्याच्या धारेवर घासून तारेचे आवरण गेले आणि फेज डब्याला टेकली, तर अर्थिंग सलग असल्यास मोठा करंट वाहून फ्यूज उडतो. (फ्यूजमध्ये जाडी तार कोंबली असेल तर तोही उडायचा नाही, ते वेगळेच दुखणे.) अर्थिंग तुटलेले असेल तर काहीच होत नाही. मोटर चालू राहते आणि पेटीत २३० व्होल्ट उतरलेले असतात. रात्रपाळीच्या विजेला ओल्या पायाने स्टार्टर दाबायला जाणाऱ्याला ते कळणार कसे?

पूर्वी विहिरीतला पाइप लोखंडी होता. पाण्यात बुडालेला असल्याने थोडेफार अर्थिंग आपोआप व्हायचे. आता पाइप प्लास्टिकचा आला, तो आधार गेला. "जराशा मुंग्या येतात, काही होत नाही," असे म्हणून मोटर चालवू नका. मुंग्या आल्या म्हणजे पेटीत वीज उतरलीच.

त्यात आपली काळी जमीन. ओली असेल तोवर वीज चांगली वाहून नेते, पण वैशाखात भेगा पडल्या की माती अर्थिंगच्या नळीपासून सुटते. अडीच मीटरची जी.आय. नळी, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी, एवढे हवेच.

मृग लागण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा. वीज बंद करून प्रत्येक डब्याचा रंग खरवडून, क्लॅम्प लावून, आठ नंबरची जी.आय. तार मेन स्विचपासून मोटरीपर्यंत सलग न्यायला सांगा. मोटरीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होते. टेस्ट रिपोर्टवर ती लिहिलेली असतात, वावरात एकही सापडत नाही. म्हणून प्रत्येक डबा मीटर लावून दाखवल्याशिवाय मजुरीचा शेवटचा पैसा देऊ नका. घरात लोखंडी पाइपाची फिटिंग असेल तर तिथेही हेच करा, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या.

आणि फेज व अर्थिंग यांच्यात बल्ब लावायचा जो प्रकार वावरावावरात चालतो, तो आधी बंद करा. अर्थिंगची तार खाली तुटली, की त्याच बल्बातून फेज पेटीवर येते.