कोशिंबिरीचं पातेलं



यंदा आपल्या मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाला माझ्याकडे वाढपाचं काम होतं आणि वाट्याला आलं होतं कोशिंबिरीचं पातेलं. शाळेच्या कॅफेटेरियात टेबलांची लांब रांग लावली होती. पहिल्या टोकाला पुऱ्या, मग मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, त्यानंतर मटकीची उसळ आणि अगदी शेवटी, पेपर नॅपकिनच्या गठ्ठ्याशेजारी, मी. माणसं माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा त्यांच्या कप्प्यांच्या ताटलीत बोटभरसुद्धा जागा उरलेली नसायची. "राहू दे, दुसऱ्यांदा येईन तेव्हा घेते," असं म्हणून लोक पुढे जात होते. साडेतीनला आवराआवर केली तेव्हा मसालेभाताचं पातेलं तळाशी खरवडलेलं होतं. कोशिंबीर अर्ध्याहून जास्त उरली होती, तिला पाणी सुटलं होतं. त्या कोशिंबिरीसाठी सकाळी सातपासून आम्ही आठ जणी काकडी चोचवत होतो.

घरी परतताना मला आजोळची पंगत आठवत होती. केळीच्या पानावर आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यायची. मग उजव्या हाताला भाजी, उसळ. भाताची मूद नंतर पडायची. जेवायला सुरुवात वरणभातानंच व्हायची, हे खरं. पण कोशिंबिरीची जागा पानात आधीच धरलेली असायची, ती कोणी दुसऱ्यानं घ्यायची नाही. बुफे आला, पान गेलं, आणि ती जागाही गेली. आपण इकडे अमेरिकेत आलो म्हणून हे झालं असं नाही, पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतही हेच झालंय. पण आपल्या मंडळाचा बुफे आपल्याच हातात आहे, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

त्यामागे माझं स्वतःचं कारण आहे. चार वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझं तीन महिन्यांच्या साखरेचं प्रमाण, म्हणजे ज्याला आपण सगळे 'ए-वन-सी' म्हणतो, ते ६.१ आलं. उपाशीपोटीची साखर ११२. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन तेव्हा ५५ किलो. "तू काय, काडी आहेस," हे मी आयुष्यभर ऐकत आले. आईला साखर, मामाला साखर, मामाचा तर पाय कापावा लागला. तरीही मला वाटायचं की ते दोघं जाड होते, मी नाही. ए-वन-सी ५.७च्या खाली हवं, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५पासून मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ हाही उंबरठाच. मी दोन्ही पायांनी त्या उंबरठ्यावर उभी होते आणि मला काहीही होत नव्हतं. तहान नाही, थकवा नाही, काहीच नाही.

आपल्यासारख्या बारीक माणसांना हे का होतं, याचं उत्तर ज्यांनी जगाला दिलं ते आपल्या पुण्याचे आहेत. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. काट्याच्या दृष्टीनं दोघंही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. तेवढ्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि तीही पोटाच्या आत, यकृताभोवती बसणारी. याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण हातापायांनी किडकिडीत असलेल्या आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे ही घडण आपण जन्मताना सोबत आणतो. तिच्याबद्दल कोणी स्वतःला दोष देऊ नये, आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

इथे अमेरिकेत आपल्यावर झालेलं काम म्हणजे 'मसाला' नावाचा अभ्यास. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या आणि आपल्या शिकागोच्या परिसरातल्या चाळिशीपुढच्या ९०६ दक्षिण आशियाई स्त्री-पुरुषांची तपासणी त्यात सुरुवातीला झाली. गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि चिनी अमेरिकन या चारही गटांशी तुलना केल्यावर मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते आपल्यात. इथल्या मधुमेह संघटनेनंही २०१५पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ऐवजी २३लाच सुरू करावी असं सांगितलं आहे. पुष्कळदा डॉक्टर आपल्या वजनाकडे बघून "सगळं उत्तम" म्हणतात. तुम्ही स्वतःहून ए-वन-सी मागा. संकोच करू नका.

आणि घरी शिवणाच्या डब्यातली टेप काढा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. आपल्या लोकांसाठी बाईचं ८० सेंटीमीटर आणि पुरुषाचं ९० ही धोक्याची खूण धरतात. इंचांत साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस. माझं ८६ होतं. साडी नेसून मी बारीकच दिसत होते.

आता चांगली बातमी, आणि ती खरोखर फार चांगली आहे. याच देशात २७ केंद्रांवर, उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली. दुसऱ्याला सांगितलं की वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालायचं. जवळजवळ तीन वर्षांत गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, खाण्या-चालण्यानं ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्या लोकांत तर ७१ टक्क्यांनी. सात टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसानं साडेपाच किलो. लग्नातल्या शेरवानीत पुन्हा मावायची अट कोणीच घातलेली नाही.

चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास ५३१ जणांवर केला. तिथे आहार-व्यायामानं साडेअठ्ठावीस टक्के फायदा झाला. आकडा लहान आहे, पण मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. काटा हलत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात चालणं सोडून देणारी किती माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे सांगावंसं वाटतं.

माझ्या स्वयंपाकघरात काय बदललं ते सांगते, कारण मला सगळे तेच विचारतात. भात बंद केला नाही. भात बंद करणाऱ्यांचा निश्चय साधारण संकष्टीपर्यंत टिकतो आणि मग साबुदाण्याची खिचडी येते, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मी आधी ताटाकडे नीट बघायला शिकले. पोळी, भात, बटाट्याची भाजी, वरून श्रीखंड. पदार्थ चार, पण पोटात गेल्यावर त्यातून मुख्यतः साखरच होते. भाताच्या एका कपात ४५ ग्रॅम पिष्ट असतं आणि आमच्या घरचा डाव त्याहून मोठा होता. तो डाव बदलला. उसळ, जी वाटीच्या तळाशी चमचाभर असायची, ती वाटीभर झाली. मूग, मटकी, चवळी, कधी पिठलं, मासे खाणाऱ्यांना मासे, नवऱ्याला अंडी. आमच्या मराठी शाकाहारी जेवणात प्रथिनं कमी पडतात, आणि "वरण आहे ना" हे त्याचं उत्तर होत नाही. आमच्या वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे मी एकदा मोजून बघितलं आणि पातेल्यात मूठभर डाळ वाढवली. इंडियन स्टोअरमध्ये ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापायला मी पन्नाशीत शिकले.

जेवणाचा क्रमही बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी-भाजी, शेवटी भात. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांवर हे करून पाहिलं होतं. तेच जेवण, तेवढंच, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी. तासाभरानं रक्तातली साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अभ्यास लहान आहे, पण करून बघायला खर्च काहीच नाही.

आणि शतपावली. या शब्दासाठी मी आपल्या पूर्वजांची ऋणी आहे. जेवणानंतर पायांचे स्नायू चालायला लागले की ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनची वाट बघत नाहीत. शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू हे साखरेचं आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं कोठार, आणि तेच आपल्याकडे मुळात लहान. म्हणून नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचं काहीतरी हवं. जिम नको असेल तर बैठका काढा, भिंतीला हात टेकून जोर काढा, सूर्यनमस्कार घाला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात हयात घालवली. आपण ते रथसप्तमीला मुलांकडून करून घेतो आणि स्वतः फोटो काढत उभे राहतो.

चौदा महिन्यांत माझं ए-वन-सी ५.७वर आलं, कंबर ८०वर, वजन चार किलोनं कमी. अजून काठावरच आहे, पण तेव्हापासून तिथेच आहे.

ज्यांना मधुमेह आधीच झाला आहे आणि जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी खाणं एकदम कमी करू नये. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. आणि पासष्टीपुढच्या आपल्या काका-काकूंसाठी: तुम्हाला मेडिकेअर असेल, मधुमेह झालेला नसेल आणि ए-वन-सी ५.७ ते ६.४मध्ये असेल, तर मधुमेह टाळण्याच्या गटवर्गाचा खर्च मेडिकेअर उचलतं. त्यासाठी बीएमआय २५ लागतो, पण आशियाई वंशाच्या माणसाला २३ पुरतो. हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

हे सगळं मला घरी जमलं. मंडळात आले की मोडायचं. कार्यक्रम लांबायचा, जेवण अडीचला, तोवर भुकेनं जीव गेलेला, मग पहिल्या टेबलावरच्या पुऱ्या. चहा मोठ्या थर्मासमध्ये साखर घालूनच यायचा, आणि साखर असलेली माणसं तो मुकाट्यानं घ्यायची, कारण वेगळा मागणं बरं दिसत नाही. वर आग्रह. "एका जिलबीनं काय होतंय" हे आपण प्रेमानंच म्हणतो, पण ज्याला म्हणतो त्यानं सकाळीच बोट टोचून आकडा पाहिलेला असतो. मामा असाच प्रत्येक कार्यात एकेक खात गेला. त्याला आग्रह करणाऱ्यांत मीही होते.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी हा विषय ठेवला आणि सगळ्यांनी तो मनापासून उचलून धरला. दिवाळीच्या कार्यक्रमापासून रांगेच्या सुरुवातीला कोशिंबीर आणि उसळ असेल, मग भाजी-पोळी, शेवटी भात. गोड राहील, ते वेगळ्या टेबलावर असेल, ज्याला हवं त्यानं उठून जाऊन घ्यावं. चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला. जेवण साडेबाराला, नाटकाच्या पहिल्या अंकानंतर, आणि पडदा पुन्हा उघडण्याआधी वीस मिनिटं शतपावलीसाठी मोकळी. बाहेर थंडी असेल, पण शाळेनं आपल्याला खालच्या मजल्यावरचा लांब कॉरिडॉर वापरायची परवानगी दिली आहे. गणपतीच्या दिवशीही भारतातून आलेले दोन आजोबा तिथे लॉकरांच्या रांगेतून, हात मागे बांधून, गप्पा मारत फेऱ्या घालत होते. आपण बाकीचे खुर्च्यांवर बसून नाटक सुरू व्हायची वाट बघत होतो.

नोंदणीच्या टेबलावर एक टेप ठेवलेली असेल, शेजारी पडदा लावलेली छोटी खोली. माप कोणी विचारणार नाही, लिहूनही घेणार नाही.

काकडी या वेळी दुप्पट आणणार आहोत. ती चोचवायला शनिवारी सकाळी सात वाजता किमान बारा जणांची गरज आहे, पुरुषांनीही यावं. विळी आणि सुरी घरून आणावी, दाण्याचं कूट मी करून आणते.