नांगर पडण्याआधी नियम हवा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबाची बोट थांबते, तेव्हा आधी नांगर खाली जातो. मग पर्यटक उतरतो. पहिल्यांदाच पाण्यात गेलेला माणूस घाबरतो, त्याचे पाय जमीन शोधतात. ती जमीन म्हणजे प्रवाळ. दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. नांगराने वीतभर तुकडा निघाला, की वीस वर्षांची वाढ गेली. तेवढ्यात कुणी हातात पावाचा तुकडा देतो, मासे जमतात, व्हिडिओ झकास होतो. पण प्रवाळावरचे शेवाळ खाणारे मासे पावावर पोसले, तर शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरते.

यावरचे उपाय साधे आहेत. ठरलेल्या जागी कायमचा बोया रोवायचा आणि बोट त्यालाच बांधायची. पर्यटकाला आधी उथळ पाण्यात सराव द्यायचा. माशांना काही घालायचे नाही. थायलंडमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘ग्रीन फिन्स’ उपक्रम हीच शिस्त डायव्हिंग व्यावसायिकांना शिकवतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, तेव्हा पोटावर पाय येईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. आज त्याच किनाऱ्यावरची कितीतरी घरे पर्यटनावर चालतात आणि तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या केंद्रात डायव्हिंगचे शिक्षण मिळते. प्रवाळ राहिले तरच धंदा राहील, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? तरीही मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. गर्दी आधी आली आणि शिस्त मागून, की असे होते.

हे अक्कलकुव्यात बसून लिहितो, कारण आपल्याकडेही पाणी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नर्मदेवरचे सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आपल्या तालुक्यातल्या मणिबेलीची शेते आणि घरे त्याआधीच, नव्वदच्या दशकात, नर्मदेच्या पाण्यात जाऊ लागली होती. त्याच पाण्यावर पर्यटनाच्या बोटी फिरवायच्या, तर पहिला हक्क ज्यांची जमीन खाली आहे त्यांचा. बाहेरच्या ठेकेदाराने तिकीट फाडायचे आणि मणिबेलीच्या पोराने फक्त दोर ओढायचा, हे चालणार नाही.

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे. म्हणून पहिली बोट सुटण्याआधी काठावरच्या ग्रामसभांनी ठराव करावेत: बोटी विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या, माणसे मोजून, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, मासेमारीच्या जागा सोडून फेऱ्या, प्लास्टिकला बंदी. मालवणला हे शहाणपण ठेच लागल्यावर आले. आपण ठेचेची वाट पाहू नये. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडाच.