खुर्चीतलं खुर्चीत

आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर सोमवारी सकाळी एक स्क्रीनशॉट आला आणि दुपारपर्यंत त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. स्टेशनजवळच्या एका पार्लरला कोणा बाईने एक स्टार देऊन लिहिलं होतं, की स्मूदनिंग करून घेतलं, भरपूर पैसे मोजले, महिन्याभरात केस मुठीने गळायला लागले, फोन केला तर कोणी धड बोललं नाही. खाली मालकिणीचं उत्तर. मॅडम, तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हाच तुमच्या डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई होती, भांग फिरवून ती आम्हीच झाकून दिली, आधी डॉक्टरकडे जा आणि मग आम्हाला नावं ठेवा. वर त्या बाईचं नाव आणि फोटो तसाच. आमच्या ग्रुपवर शेरे पडत होते, ‘मस्त सुनावलं’, ‘अशांना असंच पाहिजे’.

मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. 

पार्लरच्या खुर्चीत बसलेली बाई घरातही कोणाला दाखवत नाही असं बरंच काही तिथे दाखवते. हनुवटीवरचे राठ केस, ओठावरची लव, भांगातली विरळ जागा, मेंदीखाली दडवलेला पांढरा पट्टा, मानेवरचा काळपटपणा, सिझेरियनच्या टाक्यांची खूण. लग्न ठरलेली मुलगी हनुवटीचं थ्रेडिंग कधी कधी आईलाही न सांगता करून जाते. पडदा ओढलेला असतो, दाराला आतून कडी असते, आणि समोरची हे बाहेर बोलणार नाही या भरवशावर हा सगळा धंदा उभा आहे. डॉक्टरांना गुप्ततेची शपथ असते. पार्लरवालीला अशी शपथ कोणी देत नाही, तरी जुन्या पार्लरवाल्यांनी ती पाळलेली मी पाहिली आहे. आमच्या ताई या सदरात अनेकदा येऊन गेल्या आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, तीन खुर्च्या, आरशाच्या वर गजानन महाराजांचा फोटो. त्यांना एकदा एका मुलीच्या होणाऱ्या सासूने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘आमच्या सुनेचे केस खरंच एवढे दाट आहेत का हो?’’ ताईंच्या दातात दोरा होता. दुसरी भुवई पुरी होईपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग दोरा सोडून म्हणाल्या, ‘‘काकू, तिलाच विचारा. गोड बोलते ती.’’

आणि चव्हाट्यावर आणायला मिळाली ती चाईच! चाई म्हणजे केसांना कीड लागली असं आपल्याकडे अजून सर्रास बोललं जातं. तिचा कंगवा वापरू नका, तिच्या उशीवर डोकं ठेवू नका. खरं तर शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते, चाई एकीची दुसरीला होत नाही, आणि बऱ्याच जणींचे केस परत येतात. हे समजावत कोण बसणार? ती बाई उद्या हळदीकुंकवाला गेली की चार जणींची नजर आधी तिच्या डोक्याकडे जाईल. एका दुकानदारिणीला एका स्टारचा राग आला, एवढंच त्याचं कारण.

मालकिणीचं म्हणणं खरं असेलही. स्मूदनिंगमुळे केस खराब होतात ते बहुतेक वेळा मधूनच तुटतात. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ दिसते, तुटलेल्याला ती नसते. पांढऱ्या टॉवेलवर पाच-दहा केस ठेवून उजेडात पाहिलं की अंदाज येतो. मोठा ताप येऊन गेला असेल, बाळंतपण झालं असेल तर केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर ताप कोणाच्या लक्षात नसतो, पार्लरचं बिल मात्र लक्षात असतं. म्हणजे दोष पार्लरचा नसण्याची शक्यता पुरती होती. पण हे सगळं त्या बाईला समोर बसवून, चहा देऊन, दार लोटून सांगायचं. गुगलवर दोन ओळी पुरे होत्या. तुमचे केस गळताहेत हे वाचून काळजी वाटली, उद्या दुकानात या, केस बघून बोलू, आणि खाली स्वतःचं नाव. वाचणाऱ्या बाकीच्या बायकांना तेवढ्यावरून कळलं असतं, की इथे काही बिनसलं तर विचारणारं कोणीतरी आहे. आता त्यांना एवढंच कळलं, की इथे भांडण झालं तर आपलं गुपित बाहेर येईल. त्या एका स्टारने गेलं नसतं एवढं गिऱ्हाईक त्या उत्तराने जाईल.

नियमांचं थोडक्यात सांगते. गुगलवरचा शेरा दुकानदाराला पुसता येत नाही. खोटा किंवा शिवराळ असेल तर गुगलकडे तक्रार करता येते आणि खाली उत्तर देता येतं. लिहिणारीला मात्र आपला शेरा नंतर बदलता येतो, स्टारही वाढवता येतात. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस 19000 हे मानक नोव्हेंबर 2022 मध्ये आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. नुकसान मोठं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग आहे. मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असले तर तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिल्लीत 2018 मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये सांगितल्यापेक्षा केस फारच आखूड कापले गेले, त्यावर राष्ट्रीय आयोगाने 2021 मध्ये दोन कोटींची भरपाई दिली. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि नुकसानीचा पुरावा बघून आकडा ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. तेव्हा बिल आणि फोटो जपून ठेवा.

ताईंकडे तक्रारी येत नाहीत असं नाही. त्यांच्या गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते, किराणा दुकानात उधारीला असते तसली, आणि केस रंगवायला येणाऱ्या प्रत्येकीचं एक पान. तारीख, कंपनी, शेड नंबर, डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा, किती मिनिटं ठेवला, कानामागे पॅच टेस्ट केली ती कधी. पॅच टेस्टवर त्या हटून बसतात. केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, ते एखादीला सोसत नाही, डोळे सुजतात, टाळूवर पुरळ येतं. रंग लावायच्या 48 तास आधी थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आत लावून बघा, असं खोक्यातल्या कागदावरच छापलेलं असतं. तो कागद बहुतेक ठिकाणी खोक्यासकट कचऱ्यात जातो. ‘‘आज संध्याकाळी साखरपुडा आहे, टेस्ट कसली करता?’’ म्हणून बाई तणतणत निघाली तरी ताई तिला जाऊ देतात.

मागे एक शिक्षिका रविवारी रंग करून गेल्या आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर तशाच आल्या. केस शाई ओतल्यासारखे काळे झाले होते, वर्गातल्या मुलांनी विचारलं म्हणून त्या रडवेल्या झाल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं बसलेली. ताईंनी वही काढली, पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. दर वेळी 5 नंबर, या वेळी 3. त्या दिवशी ताई लग्नाच्या ऑर्डरला बाहेर होत्या, रंग मदतनीस मुलीने लावला होता. ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘चूक आमच्या दुकानाची आहे. उद्या दुपारी या, दोन तास लागतील, रंग उतरवून परत करून देते. पैसे घेणार नाही.’’ आमच्या दुकानाची, म्हणाल्या. मुलगी मागे बेसिनपाशी उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिच्याशी काय बोलायचं ते दुकान बंद झाल्यावर बोलल्या असतील. त्या बाई पुढे गुगलवर चार ओळी चांगलं लिहून गेल्या.

याच्या शेजारी मोठ्या सलूनांची ती छापील उत्तरं ठेवून बघा. प्रिय ग्राहक, आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. गरम वॅक्सने कातडी सोलली गेली असं लिहिणारीलाही तेच आणि एसी चालत नव्हता म्हणणारीलाही तेच. ते लिहिणारा कुठेतरी लांब बसलेला असतो, त्याने ते सलून डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. भाजलेल्या हातावर अमूल्य अभिप्राय वाचला की माणूस आणखी चिडतो.

आता माझ्या वाचक मैत्रिणींशी दोन शब्द. कट झाला की मुलगी हातातला आरसा घेऊन मागे उभी राहते आणि विचारते, ‘‘मागून बघा ना मॅडम, ठीक आहे?’’ त्या क्षणी आपल्यातल्या बहुतेक जणी अर्धवट मान वळवतात आणि म्हणतात, छान. एक बाजू लांब दिसत असते, लेयर हवे तसे पडलेले नसतात, तरी म्हणतात, छान. टीपसुद्धा देतात. मग रिक्षात बसल्यावर, मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून, एक स्टार. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. केप गळ्यात आहे, कात्री ट्रॉलीवर आहे, केस ओले आहेत, तेव्हा सांगितलं तर पाच मिनिटांत सारखं होतं. बारीक झालेली भुवई परत लावता येत नाही हे खरं, पण पहिली झाल्यावर तिथेच हात धरला तर दुसरी तरी वाचते, आणि काही दिवसांनी पहिली भरून येते. तोंडावर बोलणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. काम करणारीला तेच बरं पडतं, तिलाही ते काम नीट करून द्यायचं असतं.

त्या मुलीबद्दल लिहायला घेतलंच आहे तर लिहूनच टाकते, कारण मला आठवडाभर सतावतंय ते जास्त तिच्याबद्दलचं. मोठ्या सलूनांत हल्ली बिल देताना काउंटरवर क्यूआर कोड पुढे करतात आणि मुलगी हळूच सांगते, ‘‘मॅडम, पाच स्टार द्या ना, माझं नाव टाका.’’ लोकांना हा लाळघोटेपणा वाटतो. मी एकीला विचारलं. दिव्याहून येते, सकाळची लोकल पकडते, दिवसभर उभी. ती म्हणाली, नावासकट चांगलं आलं तर महिन्याच्या शेवटी थोडे पैसे मिळतात, नावासकट वाईट आलं तर कापतात. वाईट का आलं ते कोणी विचारत नाही. एकदा एक बाई घरच्या घरी ब्लीच करून लगेच वॅक्सिंगला येऊन बसली, सांगितलं नाही, चेहरा लाल झाला. शेरा आला तो हिच्या नावाने. ‘‘उत्तर द्यायला मला कुठे येतं मॅडम, ते अकाउंट तर मालकांचं असतं.’’

मालकीण निदान उत्तर ठोकू शकते, चुकीचं का होईना. गिऱ्हाईक लिहू शकतं. या दोघींच्या भांडणात जिच्या हातून काम झालं तिला मात्र एक ओळ लिहायची सोय नाही. शेरा तसाच राहतो. दुसऱ्या सलूनमध्ये नोकरी मागायला गेली तर तिथला मालक आधी नाव टाकून बघतो, हे तिने मला सांगितलं तेव्हा ती बेसिनला माझे केस धूत होती आणि पाणी फार गरम नाही ना, हे मधेमधे विचारत होती. वय विचारलं, तर म्हणाली एकवीस. मॉलमधल्या सलूनांत ईशान्येकडून आलेल्या मुली असतात, घरापासून तीन दिवसांच्या प्रवासावर. त्यांच्याबद्दलचे शेरे वाचा कधी. काम बाजूलाच राहतं, तिच्या नाकाडोळ्यांवर आणि हिंदीवर लिहिलेलं असतं. हे लिहिणाऱ्या आपल्यातल्याच, शिकलेल्या, घरी मुलींना चांगलं वाढवणाऱ्या.

तुमचे पैसे गेले असतील, त्रास झाला असेल तर जरूर लिहा, स्टार द्यायचा तेवढाच द्या, तो तुमचा हक्क आहे. काय करायला सांगितलं, काय झालं, दुकानाला कळवल्यावर त्यांनी काय केलं, हे तारखेसकट लिहा. दुकानाचं नाव घ्या, मुलीचं नाव घेऊ नका. आणि पार्लर चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, वाईट शेरा आला की मोबाइल हातात घेण्याआधी त्या दिवशी खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलीला बोलवा आणि काय झालं ते तिच्या तोंडून ऐका. तिचे पैसे कापायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.