विहिरीच्या काठावरचे विज्ञान

संपादक महोदय,

‘प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकवणे व्यर्थ’ हे एका वाचकाचे मत आपल्या अंकात वाचले. प्रयोगशाळेची मागणी रास्तच आहे. पण तोवर विज्ञान थांबवावे, हे मला मुळीच मान्य नाही.

धाराशिव जिल्ह्याची जमीनच मोठा धडा आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, कारण त्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि सुकले की आकसते. खाली बेसाल्टचे थर. त्यांत पाणी साठते ते मुरमात, सच्छिद्र थरात आणि फटींत. सलग कठीण खडकात नाही. म्हणूनच एका बोअरला पाणी लागते आणि शेजारचे कोरडे जाते. तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्याला पैसे मोजण्याआधी विहिरीच्या कडेला दिसणारा हा खडक नीट पाहायला हवा.

मुलांनी शिक्षकांसोबत दोरीला खुणा करून गावच्या विहिरीची पातळी दरमहा नोंदवावी. पावसाचे गणितही सोपे आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,००० लिटर.

आणि विज्ञान केवळ पाण्यापुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्याच जिल्ह्यातील सास्तूर परिसराने दगड-मातीच्या जड भिंतींची किंमत माणसे गमावून मोजली. आपल्याकडे विज्ञान हा जगण्याचा प्रश्न आहे. ग्रामपंचायतींनी मुलांच्या या नोंदी फलकावर लावाव्यात आणि पाण्याचे नियोजन करताना ग्रामसभेत वाचाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका, तुळजापूर