मूळची चूक आणि नकलेची चूक

‘‘तीस वर्षें होत आलीं, तरी यांचें काम कांहीं संपत नाहीं!’’ असा शेरा एका सुविद्य गृहस्थांनीं नुकताच आमच्यासमोर मारला. विषय निघाला होता ‘मेम’ या सॉफ्टवेअरचा. नाणें टाकून खेळावयाच्या जुन्या आर्केड यंत्रांतील खेळ आजच्या संगणकावर चालविणारा हा एम्युलेटर. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरनें त्याची पहिली आवृत्ति ५ फेब्रुवारी १९९७ रोजीं प्रसिद्ध केली आणि तेव्हांपासून स्वयंसेवकांची एक मंडळी तो सतत सुधारीत आली आहे. आवृत्तीचा आंकडा अद्यापि शून्य-दशांशाच्या घरांतून बाहेर पडलेला नाहीं. नवी आवृत्ति मात्र बहुधा दरमहा निघते, आणि तिच्यासोबत दुरुस्त केलेल्या बगांची लांबलचक यादी असते. गृहस्थांचें म्हणणें असें कीं, पॅक-मॅन १९९७ सालींहि चालत होता व आजहि चालतो. मग मधल्या काळांत या मंडळींनीं केलें काय? आणि जें केलें तें ज्या पोरकट वस्तूसाठीं केलें, तिची तेवढी योग्यता आहे काय?

हा शेरा एकट्या त्यांचाच असता तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु जुन्या खेळांनीं भरलेल्या पेट्या विकणारा व्यापारी हेंच म्हणतो. नवी आवृत्ति आपल्या संगणकावर पूर्वीपेक्षां मंद चालते म्हणून रागावलेला शौकीनहि हेंच म्हणतो. आणि संगणकाच्या इतिहासाला इतिहास मानण्यास तयार नसलेला विद्वान तर हें फारच मोठ्यानें म्हणतो. तिघांचा समज एकच आहे: पडद्यावर चित्र हललें आणि कानांवर आवाज पडला, कीं खेळ ‘चालला’. हा समज मुळांतच खोटा आहे.

नाम्को कंपनीचा १९८० चा पॅक-मॅनच घ्या. या खेळांत फेरीचा आंकडा एका बाइटांत साठविलेला आहे, आणि एका बाइटांत २५५ पर्यंतचेच आंकडे मावतात. त्यामुळें २५६ वी फेरी आली कीं पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व आकृत्यांच्या कचऱ्यानें भरून जातो आणि ती फेरी पुरी करणें अशक्य होऊन बसतें. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. गुलाबी भुतानें पॅक-मॅनच्या तोंडापुढें चार घरांवर नेम धरावा अशी योजना. पण पॅक-मॅन वर तोंड करून असला म्हणजे बेरजेंतील एका गफलतीनें तो नेम चार घरें डावीकडेहि सरकतो. या दोन्ही चुका मूळ कर्त्यांच्या आहेत, आणि पट्टीचे खेळाडू त्या हिशेबांत धरून आपले डाव बसवीत आले आहेत. एम्युलेटर मूळ प्रोग्रामाला हात लावीत नाहीं. त्या प्रोग्रामाखालचें यंत्र तेवढें तो उभें करतो. त्यानें उभा केलेला झेड-८० प्रोसेसर खऱ्या झेड-८० प्रमाणेंच बेरीज करील, तरच मूळची चूक जशीच्या तशी उमटेल.

आतां समजा, कोणी तक्रार केली कीं अमुक खेळांत राक्षस झाडामागें जाण्याऐवजीं झाडावरून चालतो. ही चूक कोणाची? १९८५ सालच्या प्रोग्रामरची कीं आजच्या नकलकाराची? पडद्याकडे कितीहि टक लावून पाहिलें तरी याचें उत्तर सांपडत नाहीं. त्यासाठीं खरें बोर्ड हुडकावें लागतें, तें चालू स्थितींत असावें लागतें, त्याचें चित्रण करून नकलेशीं ताडून पाहावें लागतें. आणि चूक मूळची निघाली तर तक्रार बंद करून कोडास स्पर्श न करतां परतावें लागतें. लेखनिकाचा प्रमाद काढून टाकणें आणि ग्रंथकाराचा प्रमाद मात्र जपणें, ही पाठचिकित्सेची पहिली शिस्त आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें आरंभिलें तें १९६६ मध्यें पुरें झालें. ‘कथा तर सर्वांस ठाऊक आहे, मग पोथ्या कशास ताडून पाहतां?’ असें विचारणारास आमच्या या सुविद्य गृहस्थांनीं काय उत्तर दिलें असतें?

‘‘महाभारत कोठें आणि पॅक-मॅन कोठें!’’ असें ते म्हणतील. म्हणोत. आम्ही वस्तूंची तुलना करीत नाहीं, पद्धतीची करतों. तथापि वस्तूचीहि ते समजतात तितकी हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. टायटो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ मध्यें रचलेल्या स्पेस इन्व्हेडर्समध्यें शत्रूंची संख्या घटत जाते तसतसे उरलेले शत्रु अधिकाधिक वेगानें चाल करून येतात. या वेगाचा उगम यंत्राच्या दुर्बलतेंत होता. बिचारा प्रोसेसर एका चित्रचौकटींत एकाच शत्रूला हलवूं शके. शत्रु कमी झाले कीं प्रत्येकाची पाळी लवकर येई. त्या दुबळेपणांतून जो थरार जन्मला तोच पुढें एका सबंध कलाप्रकाराचा स्थायीभाव होऊन बसला. हा थरार टिकवावयाचा तर यंत्राच्या सामर्थ्याइतकेंच त्याचें असामर्थ्यहि नेमकें नकलावें लागतें, आणि हें दुसरें काम पहिल्याहून अवघड आहे.

आवाजाची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. डाँकी काँगमधील चालण्याचे व उडी मारण्याचे आवाज ट्रान्झिस्टर, रोध आणि संधारित्रें यांच्या मंडलांतून निघत. तेथें वाचावयास प्रोग्रामच नव्हता. म्हणून प्रारंभीं खऱ्या यंत्राचे आवाज ध्वनिमुद्रित करून नकलेंत वाजवीत. पुढें त्या मंडलाचेंच गणित मांडून आवाज प्रत्यक्ष घडवूं लागले. शौकीन विचारतो, ‘मुद्रित आवाजांत काय वाईट होतें?’ वाईट एवढेंच कीं, मुद्रण म्हणजे आवाज कसा होता याची साक्ष; तो तसा कां होता हें तें सांगत नाहीं. १९७२ च्या पाँगमध्यें तर प्रोसेसरच नाहीं. सगळा खेळ तर्कद्वारांच्या जोडणींत आहे, आणि म्हणून एका चेंडूचा व दोन फळ्यांचा हा खेळ नकलावयाचा तर विजेचा संकेत प्रत्येक द्वारांतून केव्हां निघाला याचा हिशेब ठेवावा लागतो. सर्वांत साधा दिसणारा खेळ आजच्या संगणकाला घाम फोडतो तो यामुळें. वेगाबद्दल कुरकुरणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

कांहीं यंत्रांनीं आपलें गुपित पोटांत दडविलें होतें. टायटोच्या १९८६ च्या बबल बॉबलमध्यें एका मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम बाहेरून वाचतां येत नसे. चोरट्या प्रती काढणाऱ्यांनीं ती चिप टाळून आपली कामचलाऊ युक्ति योजिली होती, आणि एम्युलेटरलाहि बरींच वर्षें तसल्या अंदाजावर निर्वाह करावा लागला. खेळ अर्थातच ‘चालत’ होता! पुढें खऱ्या चिपमधील प्रोग्राम हातीं आला, तेव्हां तो वर्षानुवर्षें चाललेला अंदाज मंडळींनीं निःशंकपणें टाकून दिला. अशा चिपा वाचण्याचा एक मार्ग म्हणजे अम्लानें त्यांचें कवच विरघळवून, आंतल्या पृष्ठाचीं सूक्ष्मदर्शकाखालीं छायाचित्रें घेऊन, एकेक बिट ओळखणें. या उद्योगास कोणी नसती उठाठेव म्हणत असेल तर ताम्रपटावरचा गंज काढणारासहि त्यानें तेंच म्हणावें.

आणि या उद्योगाला मुदत आहे. कॅपकॉमनें १९९३ मध्यें आणलेल्या सीपीएस-२ बोर्डांवरील प्रोग्राम सांकेतिक लिपींत असे, व तो उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर जिवंत राहणाऱ्या स्मृतींत ठेवलेली असे. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई आणि धडधाकट बोर्ड मृत होई. २००१ मध्यें हौशी मंडळींनीं जिवंत बोर्डांकडूनच उलगडलेला मजकूर वदवून घेण्याची युक्ति साधली. २००७ मध्यें साल्मोरिया आणि आंद्रेआस नाइव्ह यांनीं ती सांकेतिक रीतच पूर्णपणें शोधून काढली. २०१६ पर्यंत तर मेलेल्या बोर्डांत किल्ली पुन्हां भरून तीं मूळ स्थितींत जागीं करण्याची पद्धतहि उपलब्ध झाली. आपल्याकडे पार्लरांत आणि पुढें सायबर कॅफेंत ‘मुस्तफा’ या नांवानें एका पिढीनें खेळलेला कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स हाहि १९९३ चाच. त्याच्या बोर्डावरील ध्वनीच्या प्रोसेसरची किल्लीहि अशीच बॅटरीच्या आधारानें जगते. कॅफेंत तो खेळणाऱ्या पुष्कळांनीं मूळ यंत्र कधीं पाहिलेंहि नसेल. ते खेळले तें एम्युलेटरच्या कृपेनें, आणि आज त्यांतलेच कांहीं विचारतात कीं, या लोकांनीं केलें काय?

हक्कांचा प्रश्न आम्ही टाळीत नाहीं. खेळांचे प्रोग्राम ज्यांचे त्यांचे आहेत, आणि मेम ते सोबत देत नाहीं; परवाना नसलेल्या प्रतींचा बाजार मांडणारांची वकिली करण्याची आमची इच्छा नाहीं. पण हक्कदारांनीं तरी आपला ठेवा कसा सांभाळला? अमेरिकेंत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज विक्रीस उपलब्ध नाहींत, असें तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणींत आढळलें. आणि ग्रंथालयांनीं असे खेळ अभ्यासकांस दुरून पाहूं द्यावेत ही मागणी तेथील सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें फेटाळली. धनी जपत नाहीं आणि ग्रंथपालाला मुभा नाहीं, अशा स्थितींत उरतात ते हे बिनपगारी लोक.

पेट्या विकणाऱ्याविषयीं दोन शब्द. स्वस्त व लहान संगणकावर आजची आवृत्ति ओढत नाहीं, म्हणून २००३ सालच्या ०.७८ या आवृत्तीवर आधारलेली प्रत अजून पुष्कळ ठिकाणीं वापरतात. वापरणाराचा यांत दोष नाहीं. खिसा पाहूनच यंत्र घ्यावें लागतें. परंतु ‘हुबेहूब मूळ’ अशी चिठ्ठी लावून ती विकणें ही फसवणूक आहे. त्या प्रतींतील चुका नव्या खेळाडूच्या डोळ्यांत आणि कानांत मूळ म्हणून मुरतात, आणि मग खरा आवाज ऐकला कीं तोच त्याला बिघडलेला वाटतो. अशा खेळाडूची तक्रार अखेर जाऊन पडते ती याच मंडळींच्या दोषनोंदींत!

या मंडळींचें सर्वच वर्तन आम्हांस मान्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. रॉमची अधिक शुद्ध प्रत मिळाली म्हणून फाइलींचीं नांवें व घडण बदलते. जुन्या संग्राहकाचा खेळ एका रात्रींत उघडेनासा होतो, आणि त्यानें कारण विचारलें तर त्याच्या वांट्यास पुष्कळदां फटकळ उत्तर येतें. काल निर्वेध चालणाऱ्या खेळापुढें आज ‘ध्वनि अपूर्ण’ अशी सूचना झळकते. ती प्रामाणिक असते. पण काय कळलें म्हणून ती लावली, हें सामान्य माणसाला कळेल अशा भाषेंत क्वचितच लिहिलेलें असतें. दरमहाच्या त्या याद्या म्हणजे नुसतीं सूत्रें आहेत, आणि भाष्य लिहिण्यास कोणी तयार नाहीं. गृहस्थांचा गैरसमज झाला त्याला कांहीं अंशीं हेंहि कारण आहे. एवढी एक तक्रार आमची त्यांच्याविरुद्ध आहे, आणि ती आम्ही मागें घेत नाहीं.