चळवळीचे दप्तर कोणाच्या कुलपात?

मोर्च्याचे फोटो कुठे आहेत असे विचारले की आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते, "ग्रुपवर टाकलेत ना!" आम्हीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो. तीन वर्षांपूर्वीचा फोटो शोधायला जावे तर ग्रुपवर धूसर चौकट दिसते आणि फाईल काही उघडत नाही.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचे उदाहरण सांगतो. सहा वर्षे तो अत्याचार झालेल्या गावांत जात होता. पीडितांच्या जबाबांचे रेकॉर्डिंग, जळालेल्या घरांचे फोटो, एफआयआरच्या प्रती, सगळे एका कंपनीच्या फुकट खात्यात ठेवले होते. मध्ये हाताला काम नव्हते, काही महिने रिचार्ज झाला नाही, नंबर बंद पडला आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. त्यानंतर फोन फुटला. नव्या फोनवर खाते उघडायला गेला तर ओटीपी त्या परक्या माणसाच्या मोबाईलवर! पासवर्ड बरोबर असूनही दार उघडले नाही. दाद मागायला माणूस नाही, नुसता फॉर्म. सहा वर्षांचे काम गेले. त्यात दोन खटले अजून चालू आहेत.

ज्या समाजाला विहिरीवर पोहरा टाकू दिला नाही, कोणी वरून ओतेल तेव्हाच ज्याने ओंजळ धरली, त्याला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. क्लाऊड फुकट आहे, सोयीचा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ती कंपनीच्या गोदामातली जागा आहे आणि नियम कंपनी बदलते. फोटोंसाठी गुगल पूर्वी अमर्याद जागा फुकट देत होते, १ जून २०२१ पासून ते बंद झाले. उद्या आणखी काही बंद होईल. त्यावर आपण मोर्चा कोणावर काढणार?

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या पानावर विसंबायचे सोडले, आपली पत्रे काढली, पुढे आपला छापखाना उभा केला. आज त्यांचेच साहित्य सरकारी खंडांतून येते, आणि त्या खंडांची छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या साहित्याची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या शाहिराच्या कॅसेटी कोण सांभाळणार?

म्हणून आम्ही यंदा घरातच सामायिक साठवण उभी केली. एका कार्यालयाने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप साडेपाच हजारांत मिळाला. रॅम चार जीबी, आणि या कामाला तेवढी पुरते. हार्डडिस्क मात्र जुन्या घेऊ नका, तिथे काटकसर अंगाशी येते. चार टीबीच्या दोन नव्या घेतल्या, मूळ प्रणालीसाठी एक लहान एसएसडी वेगळी. एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आत राहिला आणि तो वर्गणीतून झाला. जयंतीला डीजेवर एका रात्रीत किती जातात ते ज्याचे त्याने आठवावे.

प्रणाली लिनक्सची. डेबियनवर आधारलेले ओपनमीडियाव्हॉल्ट फुकट उतरवता येते. पेनड्राइव्हवरून एकदा बसवले की मॉनिटर आणि कीबोर्ड काढून टाकायचे. पुढचे सगळे घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालते. साम्बा चालू केला की त्याच वायफायवरच्या विंडोजला, लिनक्सला आणि मोबाईलला एकच फोल्डर दिसते. राऊटरमध्ये या यंत्राचा पत्ता कायमचा ठरवून द्या, नाहीतर वीज जाऊन आली की फोल्डर हरवते. यंत्र राऊटरला वायरनेच जोडा. आणि बाहेरच्या इंटरनेटला हे दार उघडू नका. घराबाहेरून फाईल पाहण्याच्या हौसेपायी राऊटरची पोर्टे मोकळी केली की चोराला आमंत्रणच.

दोन डिस्क पाहिल्या की जाणकार मंडळी लगेच म्हणतात, रेड लावा, एकीत लिहिलेले दुसरीत आपोआप उमटते. आम्ही लावले नाही. कोणी चुकून फोल्डर पुसले तर रेडमध्ये ते दोन्हीकडून एकाच क्षणी पुसले जाते. डिस्क मरण्यापेक्षा माणूस चुकण्याचे प्रमाण जास्त, निदान आमच्याकडे तरी. म्हणून रोज रात्री आरसिंक पहिल्या डिस्कवरची नवी भर दुसरीवर उतरवते आणि दुसरीवरचे काहीही पुसत नाही. त्याने जागा जास्त जाते. जाऊ द्या.

खटल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंद निघून जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. लिनक्सवर तो काढायला एक आज्ञा पुरते. आम्ही आता गावातून परतलो की मूळ फाईल आधी यंत्रात टाकतो, हॅश काढून तारखेसह वहीत लिहितो, मग काय ते ग्रुपवर. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार न्यायालयीन कामकाजाचे व्हिडिओ चित्रण व्हायला हवे, म्हणून आपण भांडतो. ते भांडण खरेच आहे. पण आपल्या हातातल्या मूळ फाईली आपणच हरवतो, त्याचे काय?

"हे इंजिनिअर लोकांचे काम," असे आमच्याच बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले. त्यांचा आदर राखून सांगतो, विद्या कोणाचे काम आणि कोणाचे नाही, ही वाटणी आपल्याला चांगली ओळखीची आहे. आम्ही समाजशास्त्राचे पदवीधर तीन रविवार चाचपडलो. शेवटी मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दहावी नापास पोराने एका दुपारीत गाडे पुढे ढकलले. लिनक्स सगळ्यांना खुले आहे म्हणतात, पण मदतीची पाने इंग्रजीत आहेत आणि तिथली हेटाळणीही इंग्रजीतच. त्या पोराने पायऱ्या मराठीत वहीत उतरवून ठेवल्या आहेत. ज्या विहाराला हव्या असतील त्याने न्याव्यात.

एक यंत्र एका घरात ठेवून भागत नाही. जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली, मग आपल्या पत्र्याच्या खोलीची काय कथा! म्हणून तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर दुसऱ्या वस्तीत ठेवली आहे आणि महिन्यातून एकदा ती आणून ताजी करतो. त्या डिस्कला लक्सचे कुलूप आहे. पीडित बायांचे जबाब चोराच्या हाती पडता कामा नयेत. पण कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात राहिली तर आम्ही त्या कंपनीपेक्षा बरे कसे? पासवर्ड कागदावर लिहून दोन पाकिटांत बंद केला. एक पाकीट विहाराच्या कपाटात आहे, दुसरे महिला मंडळाच्या ताईंकडे.

शाहिराच्या कॅसेटींपैकी एकतीस उतरवून झाल्या. काहींना बुरशी लागली आहे. सव्वाशे बाकी आहेत आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आमच्याकडे एकच आहे.